भुतांच्या मुक्कामाची मुदत

अमेरिकेतील एखाद्या सुखवस्तू उपनगरातून ऑक्टोबरच्या मध्यास जो कोणी सायंकाळी पायी हिंडेल, त्याला घरोघरच्या हिरवळीवर रातोरात थडगी उगवलेली, मेपलच्या फांद्यांवरून पांढरी वस्त्रे लोंबत असलेली, आणि एरवी जेथे झुलती खुर्ची रिकामी असते तेथे एक सांगाडा निवांत बसून रस्त्याकडे पाहत असलेला दिसेल. आणि हा सारा स्मशानाचा थाट मुलांच्या कौतुकापायी, शेजाऱ्यांशी चाललेल्या लटक्या चढाओढीपायी आणि आखडत चाललेल्या दिवसांना हसतमुखाने निरोप देण्याच्या हौसेपायी मांडलेला आहे, हे ध्यानात यायला त्याला फार वेळ लागणार नाही. हॅलोवीनचा हा सण ३१ ऑक्टोबरचा, आणि तोही सूर्यास्तानंतरच्या तीनचार तासांपुरता. परंतु त्याच्या साहित्याचा मुक्काम घराच्या तळघरात, पोटमाळ्यावर आणि गॅरेजमध्ये बारा महिने. या विषम हिशेबाचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

हा हिशेब प्रारंभापासून असा नव्हता. आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील केल्ट लोकांचा साउइन नावाचा ऋतुसंधीचा उत्सव, त्यावर १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या ख्रिस्ती सणाचे चढलेले पुट, आणि १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या आयरिश कुटुंबांबरोबर या साऱ्या चालीरीतींचे अटलांटिकपार झालेले स्थलांतर, हा इतिहास बहुश्रुत वाचकास ठाऊक असेलच. त्यातील आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की त्या उत्सवाचे साहित्य म्हणजे कोरलेला सलगम, सफरचंदे, अक्रोड आणि होळीची लाकडे. अमेरिकेत सलगमची जागा कोरायला सोप्या असलेल्या लाल भोपळ्याने घेतली, इतकाच काय तो फरक. यातील प्रत्येक वस्तू एकतर खाल्ली जाई, नाहीतर जळून जाई, नाहीतर कुजून मातीस मिळे. ती कोठे ठेवावी, असा प्रश्न कोणाही गृहिणीला पडण्याचे कारणच नव्हते.

पुढे कागद आला, तोही असाच विनयशील होता. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथील डेनिसन कंपनीने आपल्या क्रेप कागदाचा खप वाढावा म्हणून १९०९ साली ‘बोगी बुक’ नावाची एक पुस्तिका काढली आणि काही वर्षांनी ती दरसाल काढण्याचा शिरस्ता पाडला. जेवणाच्या मेजावर काय मांडावे, दारावर कोणती मांजरे चिकटवावीत, कागदाचाच टोप आणि कागदाचेच एप्रन कसे शिवावे, याचा तपशीलवार पाठ त्या पुस्तिकांत असे. हे वेष एका रात्रीसाठी असत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी केरात होई. पेनसिल्व्हेनियातील शिपेन्सबर्ग येथील बाइस्टल कंपनीने मधाच्या पोळ्यासारख्या घडीच्या कागदाचे भोपळे आणि सांधे हलणारे पुठ्ठ्याचे सांगाडे बाजारात आणले, त्यांची तऱ्हा थोडी निराळी: ते टिकत, परंतु घडी घातली की चपट्या पाकिटात मावत, आणि ते पाकीट कपाटातील चादरींच्या खाली सरकवले की पुढील ऑक्टोबरपर्यंत त्याची आठवणही राहत नसे. आज हेच जुने कागदी सांगाडे संग्राहक मोठ्या किमतीला विकत घेतात, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. जे फेकण्यासाठी केले ते दुर्मिळ झाले, आणि जे जपण्यासाठी केले त्याला आज कोणी फुकट नेईना.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. साखरेवरील रेशनिंग १९४७ च्या जून महिन्यात उठले, नवी उपनगरे वसली, दारोदार खाऊ मागत फिरण्याची प्रथा देशभर रुजली, आणि पाठोपाठ प्लास्टिकचे युग अवतरले. पातळ मुखवटा आणि चकचकीत झगा एकत्र घातलेली, झरोक्याची पुठ्ठ्याची पेटी हे त्या काळच्या बालकांचे परमदैवत होते. तेथून आजपर्यंतची मजल केवढी, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय किरकोळ व्यापार संघाच्या २०२३ सालच्या अंदाजावरून कळेल: त्या वर्षी हॅलोवीनवर एकूण १,२२० कोटी डॉलर खर्च होतील असे त्या संघाने वर्तवले, आणि त्यांतील ३९० कोटी केवळ सजावटीच्या साहित्याचे होते. खाऊ खाऊन संपतो. सजावट संपत नाही.

या व्यापारातील एक गंमत मला फार उद्बोधक वाटते. स्पिरिट हॅलोवीन नावाची जी प्रसिद्ध पेढी १९८३ साली कॅलिफोर्नियातील कॅस्ट्रो व्हॅली येथे सुरू झाली, तिची दुकाने वर्षभर कोठेच दिसत नाहीत. उन्हाळा सरता सरता ती इतरांच्या रिकाम्या पडलेल्या गाळ्यांत दाखल होतात, दोनअडीच महिने धूमधडाका करतात, आणि नोव्हेंबर उजाडताच फलक उतरवून, फळ्या मोडून, जागेचा ताबा मालकाला परत देऊन नाहीशी होतात. या सणाचा माल विकणारा दुकानदार स्वतः इतका अपरिग्रही, की त्याला कायमच्या जागेचे भाडेदेखील परवडत नाही असे वाटते. आणि त्याच्याकडून तो माल घेणारा गृहस्थ मात्र तीस वर्षांच्या कर्जावर घेतलेल्या घराचा एक कोपरा त्या मालाला जन्मभर आंदण देतो. जागेची खरी किंमत या दोघांपैकी कोणाला कळली आहे, ते वाचकांनी ठरवावे.

याचे उत्तुंग उदाहरण म्हणजे २०२० साली होम डेपोने २९९ डॉलरला विकावयास काढलेला बारा फुटी सांगाडा. महामारीने घरात कोंडलेल्या लोकांनी तो हातोहात उचलला, आणि नोव्हेंबरात त्यांच्या ध्यानात आले, की सर्वसाधारण खोलीची उंची आठनऊ फुटांची असताना हा पाहुणा उभ्याने घरात येऊ शकत नाही, आणि सुटा करून ठेवावा तरी त्याची कवटी व बरगड्या मिळून मोटारीच्या जागेत हातपाय पसरतात. पुष्कळांनी मग त्याला अंगणातच राहू दिले. नाताळात त्याला लाल टोपी चढते, व्हॅलेंटाइन दिनी त्याच्या हाती बदाम येतो, आणि अशा रीतीने ज्याला ठेवावयास जागा नाही त्याला वर्षभर कामावर ठेवण्याची नामी तजवीज झाली आहे. ही युक्ती मी हसण्यावारी नेत नाही. अडगळ म्हणजे काम नसलेली वस्तू, हे या लोकांनी बरोबर ओळखले.

मोटारीच्या जागेचा उल्लेख वर आला, तो सहज नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील मानववंशशास्त्रज्ञांनी तेथील बत्तीस मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांची खोलीवार मोजदाद केली आणि तिचे निष्कर्ष २०१२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात असे आढळले, की सुमारे तीनचतुर्थांश गॅरेजांत सामान एवढे साठले होते, की मोटारीला तेथे प्रवेशच उरला नव्हता. याच प्रकल्पातील कुटुंबांच्या पाहणीवरून डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी या दोघींनी २०१० साली जे दाखवले ते अधिक गंभीर आहे. स्वतःच्या घराचे वर्णन करताना ज्या स्त्रिया पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांविषयी वारंवार बोलल्या, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवस मावळताना जसे उतरावयास हवे तसे उतरत नव्हते. घरातील अडगळ डोळ्यांना खुपते एवढेच आपण समजत होतो. ती रक्तापर्यंत पोहोचते, असा हा दाखला आहे. पाच प्लास्टिकच्या पेट्या, दोन फुगणारी भुते आणि एक विद्युच्चलित चेटकीण यांची भर अशा घरात पडली, की ऑक्टोबरचा महिना सणाचा न राहता वेठीचा होतो.

तेव्हा उपाय असा, की जागा आधी ठरवावी आणि वस्तू मागाहून घ्यावी. अमेरिकन गृहिणी ज्याला ‘टोट’ म्हणतात त्या झाकणाच्या मोठ्या पेट्यांपैकी दोन, फार तर तीन, एवढी या सणाची हद्द एकदा मुक्रर करावी, आणि पेटी भरलेली असताना नवी वस्तू आणावयाची तर जुनी एक बाहेर काढल्यावाचून तिला दाखल करू नये. हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि पाळला कोणाकडूनच जात नाही, कारण त्याला अंमलबजावणीची सोय नसते. म्हणून त्याच्या जोडीला आणखी एक युक्ती सांगतो. सजावट बाहेर काढली की पेटी रिकामी होते. ती तशीच बोळात उभी न ठेवता, शेकोटीवरील फळीवर आणि दिवाणखान्यातील मेजांवर एरवी मांडलेल्या तसबिरी, फुलदाण्या, मेणबत्त्या तिच्यात काळजीपूर्वक बांधून ठेवाव्यात आणि मोकळ्या झालेल्या जागीच कवट्या व वटवाघळे मांडावीत. अशाने दृष्टीस पडणाऱ्या वस्तूंची संख्या होती तेवढीच राहते, पुसावयाची धूळ वाढत नाही. आणि नोव्हेंबरात पेटी पुन्हा उघडण्याची निकड आपोआप निर्माण होते, कारण घरातील माणसांची चित्रे तिच्यात अडकलेली असतात.

दुसरी गोष्ट मुदतीची. शरद ऋतूचे साहित्य आणि हॅलोवीनचे साहित्य या दोन गोष्टी एक मानल्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. न कोरलेले भोपळे, रंगीबेरंगी मक्याची कणसे, वाळलेल्या पानांचे दारावरचे चक्र, ही मंडळी सप्टेंबरअखेरीस येऊन नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीपर्यंत, प्रतिष्ठेने राहू शकतात. कवट्या आणि थडगी यांना मात्र शेवटच्या पंधरवड्याहून अधिक मुक्काम देऊ नये. भोपळा कोरावयाचा तर तो अखेरच्या दोनतीन दिवसांत कोरावा. त्याच्या गरात नव्वद टक्के पाणी असते. साल उघडी पडली की आठवड्याच्या आत बुरशी धरते, आणि हौसेने पंधरा दिवस आधी कोरलेले तोंड सणाच्या रात्री बोळक्यासारखे आत वळलेले असते. मक्याची ताटे आणि गवताचे भारे यांच्याविषयीही सावध राहावे, कारण थंडी पडू लागताच उंदीर घरात शिरण्याच्या वाटा शोधू लागतात आणि दाराशी रचलेला गवताचा भारा म्हणजे त्यांना धर्मशाळाच.

दाराचा विषय निघालाच आहे, तर सांगितले पाहिजे, की त्या रात्री घरातील सर्वांत महत्त्वाची आवराआवर उंबरठ्याबाहेरची असते. मुखवट्यामुळे अर्धवट दिसणारी, पायघोळ झग्यात अडखळणारी लहान मुले अंधारात पायऱ्या चढून येतात. म्हणून पाण्याची नळी, सायकली, खेळणी आणि सजावटीचीही जी वस्तू पायात येईल ती बाजूस करावी, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघाचा सल्ला आहे, आणि अग्निसुरक्षा संघ दरसाल बजावतो की सजावटीने बाहेर पडण्याची वाट अडवू नये आणि वाळलेली ताटे व क्रेप कागद ज्योतीपासून दूर ठेवावेत. भोपळ्यात आता बॅटरीचा दिवा सर्वत्र मिळतो, तो बरा. कृत्रिम जळमटांविषयी मात्र माझे मत कठोर आहे. पॉलिएस्टरचे ते तंतू बाहेरच्या झुडपांवर ताणले, की त्यांत लहान पाखरे अडकतात आणि नंतर काट्याकाट्यातून ते उपसून काढता काढता नाताळ येतो. आणि ज्या जातीची वस्तू दिवाळीपूर्वी कुंच्याने पाडण्यात आपल्या आया-आज्यांची कंबर मोडे, ती पैसे मोजून टांगावी, हे माझ्या मराठी मनाला आजवर रुचलेले नाही.

मुलांच्या सोंगांची व्यवस्था लावणे तुलनेने सोपे आहे. मूल वाढते, म्हणून बहुतेक वेष एका वर्षाचाच धनी असतो. टोपी, पट्टा, तलवार ही त्याची उपांगे एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच हँगरला अडकवावी, म्हणजे वेष कोणाला देताना तो अपुरा जात नाही. द्यावयाचा केव्हा, याबाबत लोक हटकून चुकतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सारा देश आपली सोंगे घेऊन गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांपुढे उभा राहतो, जेव्हा त्यांना गिऱ्हाईक नसते. तोच वेष पुढच्या सप्टेंबरात दिला, तर तो महिन्याभरात दुसऱ्या मुलाच्या अंगावर चढतो.

खाऊचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. कारखान्यात बांधलेल्या चॉकलेटांचाच आग्रह अमेरिकेत धरला जातो, त्यामागे अनोळखी माणसे खाऊत विष घालतात ही भीती आहे. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या वृत्तांची छाननी केली, तेव्हा अशा रीतीने अनोळखी हातून मूल दगावल्याचा एकही पुरावा त्याला मिळाला नाही, परंतु चकचकीत वेष्टनांचा केर मात्र कायमचा पदरात पडला. रात्री परतल्यावर सारा ऐवज मेजावर ओतावा, मुलाने आपल्या आवडीचा निवडावा, आणि तो मावेल एवढ्याच एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. उरलेला दुसऱ्या दिवशी कचेरीत न्यावा, तेथे तो दुपारपर्यंत टिकत नाही. खरी पीडा निराळीच आहे. कोळ्याच्या अंगठ्या, पिशाचांचे प्लास्टिकचे सुळे, खोडरबरे, चिकटचित्रे, हा शाळेतील समारंभांतून आणि दारोदारच्या फेरीतून येणारा बारीक माल सोफ्याच्या फटीत शिरतो आणि वसंतात सापडतो. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी दाराशी हिरवट-निळा भोपळा ठेवून खाऊऐवजी अशा वस्तू देण्याची जी मोहीम २०१४ पासून देशभर पसरली, तिचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. फक्त द्यावयाची वस्तू पेन्सिल किंवा खडू अशी झिजून संपणारी असावी, एवढेच सुचवितो.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्निया येथील मराठी कुटुंबांची या दिवसांत दुहेरी कसोटी लागते, कारण दिवाळी आणि हॅलोवीन यांची गाठ वरचेवर पडते. २०२४ साली तर अमेरिकेतील तिथीप्रमाणे लक्ष्मीपूजनाची सायंकाळ ३१ ऑक्टोबरलाच आली. आत केरसुणीला हळदकुंकू वाहिले जात असताना बाहेर घंटा वाजत होती, आणि नेसलेल्या पैठणीचा पदर सावरीत चकलीचा हात पुसून गृहिणी चेटकिणींच्या ओंजळीत चॉकलेटे टाकीत होती. अशा घरांना माझी सूचना अशी, की भुतांना ओसरीच्या पायऱ्यांची एक बाजू आणि अंगण एवढीच जहागीर द्यावी. उंबरठा आणि आतला भाग दिव्यांचा. रांगोळी पायऱ्यांच्या मधोमध न काढता कडेला काढावी, नाहीतर पहिल्याच टोळीत तिचे भस्म होते. दोन्ही सणांच्या विजेच्या माळा एकच घ्याव्यात, आणि घडीचा आकाशकंदील ज्या चपट्या खोक्यातून भारतातून आला ते खोके टाकू नये.

१ नोव्हेंबरच्या सकाळी दुकानांतून अर्ध्या किमतीचे फलक झळकतात, आणि तेथूनच पुढील वर्षाच्या अडगळीचा पाया घातला जातो. म्हणून घरातील साहित्याची बांधाबांध पुरी होईपर्यंत बाजारात पाऊल टाकू नये. बांधताना प्रत्येक यंत्रातून बॅटऱ्या काढाव्यात, कारण वर्षभर आत राहिलेली अल्कलाइन बॅटरी झिरपते आणि तिच्यातील क्षार तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो. फुगणारी भुते पूर्ण वाळवूनच घडी करावी. दवाने ओलसर राहिलेल्या कापडाला पेटीत बुरशी येते. रबरी मुखवट्यांत मऊ कागद भरावा आणि ते पोटमाळ्यावर मुळीच ठेवू नयेत, कारण उन्हाळ्यात तेथील उष्णता पन्नास अंशांच्या पुढे जाते, रबर चिकट होते आणि चेहरे एकमेकांस चिकटून बसतात. पुठ्ठ्याची खोकी उंदीर कुरतडतात, तेव्हा पेटी झाकणाचीच हवी. भोपळ्यातील मेण आणि वरचा रंग खरवडून तो खताच्या ढिगात टाकावा, केरात देऊ नये; गाडलेल्या कचऱ्यात हवा नसल्याने त्यापासून मिथेन वायू होतो. इलिनॉयसारख्या राज्यांत सणानंतरच्या शनिवारी भोपळे गोळा करून खत करण्याची सार्वजनिक सोय गावोगाव केलेली असते, आणि तेथे ते आपटून फोडण्याची मुभा असल्याने मुले आनंदाने येतात.

शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूस एक फेरिस्त चिकटवावी: पेटीत काय आहे, कोणती माळ बंद पडली आहे, कोणाच्या वेषाचे माप काय होते, आणि तिच्याच तळाशी, यंदा पेटीतून बाहेर काढूनही जी कोठेच मांडली गेली नाही अशा वस्तूंची नावे वेगळ्या शाईने लिहावीत. पुढील सप्टेंबरात पेटी उघडताच ती नावे प्रथम वाचावीत, त्या वस्तू तशाच मोटारीत घालाव्यात आणि गुडविलच्या दाराशी उतरवून याव्यात. त्या वेळी तेथे त्यांना गिऱ्हाईक असते.